स्मरणिकेचं संपादन पहिल्यांदाच हाती घेताय?

अभिनंदन. गावच्या जत्रेची स्मरणिका हे मोठं काम आहे, आणि तुम्हाला ते जमेल. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवा. दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीवरच करा. पहिलं वाचन हातात पेन न घेता करा. ओळ ओळ खोडत निघालं की शेवटच्या परिच्छेदात लेखकाला काय म्हणायचं होतं, ते हातचं निसटतं.

२. खटकलं की समासात प्रश्न लिहा: "हे साल कुठून घेतलं?", "ह्या घराण्याचं नाव हवंच का?" लेखकाला न विचारता ओळ काढू नका. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली इथल्या, म्हणजे गोव्यातल्या, वर्तमानपत्रांचा मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडे जायचा आणि तिथे लेखकाशी चर्चा नसायची. समितीतल्या कुणी "मानकऱ्यांचा वाद गाळा" म्हटलं तर कारण लेखी मागा. तपशील चुकीचा असेल तर दुरुस्त करा. नुसता अडचणीचा असेल तर राहू द्या.

३. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सूचना सरसकट मान्य करू नका. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. माटोळी, पोदेर, रोमट, सांतेर हे इथले बोलीतले शब्द त्याला चुकीचे वाटू शकतात. तिथे गोव्यात वाढलेला माणूसच हवा. शक्यतो दोन वाचक घ्या, त्यातला एक गावातला जाणता.

मांडणी, टंक, निर्देशसूची आत्ता बाजूला ठेवा. छपाईला देण्याआधी नावं, तारखा आणि देणगीदारांची यादी मात्र कागदावर छापून, एकाने मोठ्याने वाचून तपासा. पडद्यावर आडनावाची चूक हमखास सुटते.