'बेशरमी मोर्चा' मराठीत चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला कॉलेज रोडवर काही मुली रात्री महिलांची फेरी काढतायत, लैंगिक अत्याचाराच्या विरोधात आणि त्यानंतर बाईलाच दोष द्यायची जी सवय आहे तिच्याही विरोधात, आणि फ्लेक्सवर 'बेशरमी मोर्चा' लिहायचं म्हटल्यावर विचारणाऱ्या ताईंचे वडील म्हणाले की निर्लज्जपणाचा कसला मोर्चा काढता. तर हा शब्द चालतो का, मोर्चा म्हणावं की फेरी, आणि 'व्हिक्टिम ब्लेमिंग'ला मराठीत काय म्हणायचं, असं विचारलंय.

ताई, आधी नाव कुठून आलं ते बघू. जानेवारी २०११ मध्ये टोरोंटोत एका पोलिसाने लॉ कॉलेजच्या मुलामुलींना सुरक्षेवर बोलताना सांगितलं की बायकांनी 'स्लट'सारखे, म्हणजे चवचाल बाईसारखे, कपडे घालू नयेत, म्हणजे त्यांच्यावर असले प्रसंग येणार नाहीत. त्याने नंतर माफी मागितली, पण ३ एप्रिलला तिथे बायका रस्त्यावर आल्या आणि मोर्चाला नाव दिलं स्लटवॉक. त्याच वर्षी जुलैमध्ये ते भोपाळ आणि दिल्लीत आलं. ३१ जुलैला जंतरमंतरला जो निघाला त्याचं नाव होतं 'स्लटवॉक अर्थात बेशरमी मोर्चा', म्हणजे अगदी जुन्या संगीत नाटकाच्या जाहिरातीसारखं, एक नाव आणि पुढे 'अर्थात' म्हणून दुसरं. आलेल्या बहुतेक जणी साध्या सलवार-कुडत्यात नि जीन्समध्ये होत्या, कपडे बघायला आलेल्या कॅमेरावाल्यांची निराशाच झाली असणार.

आता 'बेशरमी' हे नाम मराठी नाहीच म्हटलं तरी चालेल. 'बेशरम' आपला आहे, फारसीतून येऊन मुरलेला, पण त्याचं नाम आपण 'बेशरमपणा' करतो. 'बेशरमी' ऐकलं की हिंदी सिनेमातली सासू बोलतेय असं वाटतं. आणि 'निर्लज्ज मोर्चा' केलंत तर वेगळाच घोटाळा, कारण निर्लज्ज हे आपल्याकडे सरकारला म्हणायचं असतं, दर दुसऱ्या मोर्चात 'निर्लज्ज सरकारचा धिक्कार असो' असतंच, त्यामुळे लोकांना वाटेल ह्या मुली सरकारच्या विरोधात निघाल्यात.

पण वडिलांचा जो अर्थ लागला, 'निर्लज्जपणाचा मोर्चा', तो मराठीच्या व्याकरणाने तसा लागायची गरज नाही हे मात्र त्यांना नक्की सांगा. आपल्याकडे मोर्चाच्या आधी जे नाम येतं ते बऱ्याचदा हातात काय घेतलंय ते सांगतं. हंडा मोर्चा हा हंड्याच्या विरोधात नसतो. १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईत बायका लाटणी घेऊन आल्या तो लाटणे मोर्चा, त्यांची तक्रार लाटण्याबद्दल नव्हती. रोज जे हातात असतं तेच घेऊन निघायचं. तसं बघितलं तर टोरोंटोवाल्यांनी जी शिवी रोज अंगावर येते तीच हातात घेतली. ह्या हिशोबाने 'बेशरमी मोर्चा' अस्सल मराठी बांधणीचा आहे, फक्त लाटणं दिसतं आणि शिवी दिसत नाही, त्यामुळे ते प्रत्येक चौकात थांबून समजावून सांगावं लागणार. तुमची तयारी असेल तर ठेवा.

बरं, 'स्लट'ला सरळ मराठी शब्द का नको, तर आपल्या शिव्या बघा एकदा. 'रांड' मूळची विधवा, संस्कृत रंडा, म्हणजे नवरा मेला हाच तिचा गुन्हा. 'सटवी' ही तर सटवाई, बाळाच्या पाचवीला पुजायची देवी. 'भवानी'बद्दल बोलायलाच नको, तुळजापूरला नवस बोलायचे आणि घरी येऊन पोरीला 'कुठे गेली होतीस गं भवानी'. आणि तुमच्या कामाची शिवी म्हणाल तर 'उंडगी'. उंडारणं म्हणजे उगाच हिंडणं. उंडगं ढोर असतं, पोरगा उंडारला तर फार तर 'उनाड आहे' म्हणून सोडून देतात, पण पोरगी उंडगी झाली की विषय तिच्या चारित्र्यावर जातो. गंमत म्हणजे इंग्रजी शब्दही मुळात गबाळ्या, अस्वच्छ बाईसाठी होता, चारित्र्य त्याला नंतर चिकटलं. रात्री फेरी काढणाऱ्यांना 'उंडगी' हा शब्द किती चपखल आहे बघा, मी तुमच्या जागी असते तर 'उंडग्या पोरींची रात्रफेरी' असंच छापलं असतं, पण वडील घराबाहेर काढतील म्हणून आग्रह नाही.

सुप्रीम कोर्टानेसुद्धा ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, निकालात कुठले शब्द वापरू नयेत आणि त्याऐवजी कुठले वापरावेत. त्यात 'स्लट'च्या समोर पर्याय आहे नुसतं 'स्त्री'. आणि 'भडकाऊ कपडे' ह्याला पर्याय काय, तर 'कपडे'. संपलं. मला ह्याहून चांगलं संपादन माहीत नाही.

मोर्चा की फेरी, ह्यात मी थोडी किचकट आहे. मोर्चा हा शब्द लढाईतला, किल्ल्याला वेढा घालताना तोफा लावायची जागा, बखरीत 'मोर्चे लावले' असतं आणि 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून जिवंत आहे. त्यामुळे मोर्चा कुणावर तरी जातो, कलेक्टर कचेरीवर, मंत्रालयावर. फेरी नुसती फिरते, प्रभातफेरीसारखी. दिंडी कुठेतरी पोचते, त्र्यंबकहून पंढरपूरला जाते तशी. लाँग मार्च म्हणायचा तर पायाला फोड यायला हवेत, मार्च २०१८ मध्ये आपल्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून शेतकरी निघाले आणि थेट मुंबईला चालत गेले त्याला तो शब्द शोभला. आणि २४ सप्टेंबर २०१६ ला तपोवनातून गोल्फ क्लबला जो निघाला तो मराठा समाजाचा मूक मोर्चा, त्यात मागण्या इतरही होत्या पण सुरुवात कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार-खुनावरून झाली होती आणि पुढे मुली होत्या. तुम्ही कॉलेज रोडला चालणार आणि परत येणार, कुणाला निवेदन देणार नाही, तर ती फेरी. निवेदन देणार असाल तर मोर्चा म्हणा, आणि मग कुणावर ते फ्लेक्सवर आलं पाहिजे.

एक सावधगिरी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात बायका मध्यरात्री रस्त्यावर आल्या, त्यांची घोषणा होती 'मेयेरा रात दखल करो'. ती तशीच उचलून 'मुलींनो, रात्रीची दखल घ्या' करू नका. बंगालीत दखल म्हणजे ताबा. आपल्याकडे तो अर्थ फक्त 'बेदखल'मध्ये उरलाय, नुसती 'दखल' आपण तक्रारीची घेतो, तीही घेतली तर. 'रात्र आमचीही आहे' एवढं साधं पुरतं.

आता व्हिक्टिम ब्लेमिंग. 'पीडित-दोषारोपण' असं कुणी सुचवलं तर हात जोडा आणि पुढे चला. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' जवळ जातं, पण संन्याशाची चोरी झालेली नसते, तो बिचारा मधेच सापडलेला. इथे तर जिचं घर फुटलं तिलाच विचारतात कडी का लावली नव्हती. मला सगळ्यात बरं वाटतं ते 'खापर फोडणं'. 'तिच्याच माथी खापर' हे कुठल्याही आजीला कळतं, आणि फ्लेक्सवर 'खापर तिच्याच माथी का?' हे लांबून वाचताही येतं.

हे आपल्याकडे कोर्टातही झालंय, १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते दोघं निर्दोष सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या म्हणजे तिने विरोध केला नसणार, आणि आधीचा शरीरसंबंधाचा अनुभव होताच म्हणून लिहिलं गेलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये त्यावर सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० च्या ८ मार्चला मुंबई-दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून पोलिसांच्या ताब्यातल्या बाईने संमती नव्हती म्हटलं तर कोर्टाने तसंच धरून चालायचं, आणि पीडितेचं नाव छापायला बंदी. वडिलांना हे सांगा, टोरोंटोपेक्षा पटेल.

फ्लेक्सच्या मजकुरात अजून एक बघा. 'तिच्यावर बलात्कार झाला' असं आपण पाऊस झाला म्हणावं तसं लिहितो, करणारा वाक्यात नसतोच. 'केला' लिहा, म्हणजे कुणी हा प्रश्न आपोआप येतो. 'अब्रू लुटली' अजिबात नको, लुटणाऱ्याने लुटलं तर अब्रू त्याची जायला पाहिजे. 'विनयभंग' कायद्याचा शब्द आहे, पूर्वी कलम ३५४, आता न्याय संहितेत ७४, निवेदनात लागेल तर ठेवा, घोषणेत नको. 'छेडछाड'ही नको, ते सतार छेडल्यासारखं गोड वाटतं.

आणि प्रिंटला द्यायच्या आधी प्रूफ स्वतः वाचा. फ्लेक्सवाले 'विरूद्ध' आणि 'महिलांवरिल' हमखास टाकतात. 'विरुद्ध'मध्ये रु ऱ्हस्व, 'वरील'मध्ये री दीर्घ.