पाय सुजणं, रात्रीचा खोकला आणि ‘वय झालं’

तुमचा प्रश्न: वडील ६६ वर्षांचे, नाशिकला असतात, संध्याकाळी पाय सुजतात, रात्री खोकतात, घरचे म्हणतात वय झालं. हे हृदयाचं असेल का?

असू शकतं; हृदय कमी पडायला लागणं, म्हणजे हार्ट फेल्युअर. ‘वय झालं’ हे निदान नव्हे, आणि ते ऐकलं की मला गप्प बसवत नाही. दिवाळीला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तीन फेऱ्या मारणारा माणूस होळीला अर्ध्या फेरीत बाकावर टेकत असेल, तर चार महिन्यांत कोणी एवढं म्हातारं होत नाही.

आज संध्याकाळी त्यांची नडगी बघा. घोट्याच्या जरा वर, हाडावर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. काढल्यावर खळगा तसाच राहिला तर ते साठलेलं पाणी. आडवं झालं की हेच पाणी रक्तात परततं, कमकुवत हृदयाला पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसात तुंबतं. म्हणून झोपल्यावर तास-दोन तासांनी दम कोंडून जाग येते, उठून बसलं की बरं वाटतं. आडवं पडल्यावर वाढणारा खोकलाही यातलाच असू शकतो. त्यावर नुसतं कफ सिरप पाजत बसू नका. उशा एकाच्या दोन झाल्यात का, चपलेचा पट्टा लावताना धाप लागते का, दोन घासांत पोट भरतं का, तेही विचारा.

वजन रोज सकाळी, लघवीनंतर, चहाआधी, त्याच काट्यावर. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणि सैंधव चालतं म्हणणाऱ्यांनो, सैंधव हेही मीठच, आणि मीठ अंगात पाणी धरून ठेवतं! भाजी अळणी करून वर पापड, लोणचं, मिसळीवर फरसाण, याला पथ्य म्हणत नाहीत. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलरही तेच करते.

ईसीजी, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. इकोत पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल आलं म्हणून विषय संपत नाही; बीपी-शुगरवाल्यांचं हृदय ताठ होऊनही फेल्युअर होतं.

अर्थात, बीपीच्या ॲम्लोडिपिननेही घोटे सुजतात, रामिप्रिलने कोरडा खोकला येतो. किडनी, ॲनिमियाही असू शकतो. गोळ्या मनाने बंद करू नका. एकच पाय सुजून दुखत असेल तर रक्ताच्या गुठळीची शंका, त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी दम लागला, ओठ निळसर झाले किंवा गुलाबी फेस आला तर १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत त्यांना पाय खाली सोडून बसवा, आडवं करू नका.