ओलाव्याचं रीडिंग फक्त ० आणि १ का येतं?

सांगोल्याच्या बागेत डाळिंबाच्या बुडाशी ओलाव्याचा सेन्सर लावलाय, तो थेट रास्पबेरी पायला (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर) जोडलाय, आणि कितीही पाणी दिलं तरी ० नाहीतर १, मधलं काहीच नाही, असं तुम्ही विचारलंय. कोड बरोबर आहे. पायच्या जीपीआयओ पिनांना, म्हणजे बाहेरच्या वस्तू जोडायच्या पिनांना, व्होल्टेज आहे की नाही एवढंच कळतं, किती आहे ते नाही. सेन्सरच्या बोर्डावर निळा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) असेल तर त्याचा स्क्रू फिरवून बघा, ० चा १ कुठे होतो ते सरकेल. म्हणजे तुम्ही वायर लावलीय ती सेन्सरची डीओ पिन, डिजिटल, फक्त ० किंवा १ देणारी. तुम्हाला एओ हवी, अॅनालॉग, ओलाव्याप्रमाणे व्होल्टेज बदलणारी, आणि मध्ये एडीसी, म्हणजे त्या व्होल्टेजचा आकडा करून पायला देणारी चिप.

एमसीपी३००८ ही एडीसी चालेल, १० बिट, म्हणजे ० ते १०२३ आकडे, मातीला रग्गड. मी एडीएस१११५ वापरतो, कारण पायशी बोलायला आयटूसीच्या (चिपांमधला डेटा नेण्याची पद्धत) दोनच वायरी लागतात, एसडीए आणि एससीएल.

मेख पुढे आहे. ही चिप ५ व्होल्टवरही चालते, म्हणून लोक ५ देऊन मोकळे होतात. मग मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर (वायर चिपच्या सप्लायला बांधून ठेवणारे) एसडीए, एससीएल दोन्ही ५ कडे ओढतात, आणि पायची पिन ३.३ साठीच बनलेली. चिप, सेन्सर, सगळं ३.३ वरच ठेवा. मी एकदा घाईत ५ व्होल्टची वायर जीपीआयओ १७ नंबरला टेकवली. तो पाय आजही चालतो, पण १७ नंबर कायम १ दाखवतो. पायाचं एक बोट गेलं म्हणायचं!

कपॅसिटिव्ह सेन्सर (उघडा धातू नसलेली चपटी पट्टी) असेल तर आकडा उलटा: कोरड्याला जास्त, ओल्याला कमी. नेटवरचे आकडे घेऊ नका. बागेतलीच माती गच्चीवर वाळवा, मे महिन्यात आपल्याकडे दोन दिवस पुरतात. एक ग्लास कोरडी, एक ग्लास भिजवून निथळलेली, दोन्हीचं रीडिंग लिहून ठेवा. माझ्या काळ्या रानात मात्र वेगळंच झालं. माती तडकली, सेन्सरभोवती फट पडली, आणि खाली ओल असताना रीडिंग कोरडं. हवाच मोजत होता तो! माती दाबून बसवली तेव्हा कुठे आकडा खाली आला.

सेन्सर उघड्या धातूच्या दोन काट्यांचा असेल तर आधी तोच बदला, सतत करंट दिला की काटे झिजतात. आणि पाय घरात, झाड लांब असेल तर अॅनालॉग वायर ओढत नेऊ नका. झाडापाशी पिको डब्ल्यू (वायफाय असलेला छोटा रास्पबेरी बोर्ड) ठेवा, त्यात एडीसी आहेच, आणि वायफाय पोचत असेल तर आकडा घरी पाठवा.

बोअरची मोटर चालू असतानाचं आणि बंद असतानाचं, दोन्ही रीडिंग इथे टाका, मोटरमुळे आकडा हलतो का ते कळेल. त्यात फरक दिसला तर वायरिंगचा फोटोही लागेल.