‘कृपा’ म्हणजे ग्रेस मार्क नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘कृपेने तारण (पापातून सुटका), कर्मांनी नव्हे’ ही ख्रिस्ती शिकवण समजावताना ‘देवाने दिलेले ग्रेस मार्क’ असं म्हटलं तर चालेल का, आणि मग माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचं काय?

नाही चालणार. हा दाखला भाषणांतून आणि लेखांतून इतका वापरून झालाय की आता तोच अर्थ समजला जातो. पास व्हायला ३५ लागतात, मुलाने ३२ मिळवले, वरचे ३ बोर्डाने दिले. पण ते ३२ मुलाचे स्वतःचे आहेत, आणि कोरा पेपर देणाऱ्याला कोणी ग्रेस देत नाही. ख्रिस्ताचा प्रेषित पौल नेमकं याच्या उलट सांगतो. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात तो बजावतो की निवड कृपेने असेल तर ती कर्मांनी नाही, नाहीतर कृपा ही कृपाच राहणार नाही. ३२ अधिक ३ या बेरजेला तिथे जागाच नाही.

ही बेरीज मांडणारे लोक मात्र होऊन गेले. १५व्या शतकात जर्मनीतल्या ट्युबिंगेनला शिकवणारा धर्मपंडित गाब्रिएल बील म्हणे की जो आपल्या परीने होईल तेवढं करतो, त्याला देव कृपा नाकारत नाही. अशा धडपडीला लॅटिनमध्ये ‘मेरितुम दे काँग्रुओ’ म्हणत: हक्काने मागता येत नाही, पण दिलं तर देणाऱ्याला शोभून दिसतं असं पुण्य. बोर्डाचे ३ मार्क हुबेहूब हेच. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर बीलचे ग्रंथ वाचूनच तयार झाला आणि सप्टेंबर १५१७ मध्ये, म्हणजे ते गाजलेले ९५ मुद्दे मांडण्याच्या जवळपास दोन महिने आधी, त्याने तोफ डागली ती बीलवरच.

‘मग ग्रेस मार्क हे कॅथलिक मत’ असा निकाल देणारेही घाई करतात. ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मसभेने स्पष्ट केलं होतं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या सभेने सहाव्या बैठकीत तेच पुन्हा सांगितलं: देवापुढे नीतिमान ठरण्यापूर्वीचं काहीही, विश्वास असो वा कर्मे, ती कृपा कमावून देत नाही. भांडण होतं ते पुढच्या पायरीवर. कृपेने हलवून जागं केल्यावर माणूस होकार देतो की नाही, आणि नकार देऊ शकतो का? ट्रेंट म्हणतं, देऊ शकतो. ल्यूथर म्हणतो, नाही.

इथे ‘इच्छास्वातंत्र्य’ हा शब्द घोटाळा करतो. मूळ लॅटिन आहे ‘लिबेरुम आर्बित्रियुम’. इच्छेला लॅटिनमध्ये ‘वोलुंतास’ म्हणतात. ‘आर्बित्रियुम’ म्हणजे निवाडा, लवादाने द्यावा तसा. १५२४ मध्ये कॅथलिक विद्वान इरॅस्मसने हा निवाडा मोकळा आहे असं मांडलं, १५२५ मध्ये ल्यूथरने तो बांधलेला आहे असं उत्तर दिलं. पण घरदार, पैसाअडका याबाबत माणूस मोकळाच आहे हे ल्यूथरलाही मान्य होतं. तेव्हा ‘ल्यूथरच्या मते माणूस कळसूत्री बाहुली’ हे वाक्य लिहू नये. ‘कर्मे’ही अनेकवचनीच ठेवा. एकवचन केलंत की मराठी वाचक ‘कर्म माझं!’ म्हणून कपाळाला हात लावतो, आणि पौल म्हणतो त्या मोशेच्या नियमशास्त्रातल्या कर्मांऐवजी पूर्वजन्म मधे येऊन बसतो.

आता खुद्द ‘कृपा’. दया आणि कृपा एकच, असं सांगणाऱ्यांनी ग्रीक उघडून पाहावं: दयेला ‘एलेओस’, कृपेला ‘खारिस’. आपली कृपा ‘कृप्’ म्हणजे शोक करणे, कळवळणे यातून आली. ‘कृपण’ तिचाच भाऊ. आधी केविलवाणा, मग कंजूष. ‘खारिस’ मात्र ‘खाइरो’ म्हणजे आनंदणे याच्या घरातली. शब्दाचं मूळ इकडे रडण्यात, तिकडे हसण्यात!

गोव्यात हीच कृपा ‘कुर्पा’ झाली. तिथल्या कोकणी प्रार्थनेत येशूची आई मरिया हिला ‘कुर्पेन भरलेले’ अशी हाक आहे. लॅटिन ‘ग्रात्सिया प्लेना’चा सरळ अनुवाद. प्रॉटेस्टंट वळणाच्या मराठी बायबलात मात्र लूकच्या पहिल्या अध्यायात ती ‘कृपा पावलेली’ आहे. हा फरक शैलीचा नाही. भरलेली म्हटलं की कृपा ही आत ओतता येणारी, माणसाला आतून बदलणारी गोष्ट होते, हा कॅथलिक विचार. पावलेली म्हटलं की कृपा देणाऱ्याकडे राहते, ती त्याची मर्जी असते. ल्यूथरने १५३० च्या भाषांतरावरच्या पत्रात याच ‘भरलेली’ची टर उडवली: जर्मन माणसाला हे ऐकून बिअरने भरलेलं पिंप नाहीतर पैशांनी भरलेला बटवा आठवेल! ग्रीकात तर पिंपही नाही आणि भरणंही नाही. ‘केखारितोमेने’ हे एकच कर्मणी धातुसाधित आहे, जिच्यावर कृपा झालेली आहे ती. व्याकरणापुरता मी ‘पावलेली’च्या बाजूचा.

पण खरं सांगायचं तर ‘खारिस’ला मराठीत ‘कृपा’पेक्षा चांगला शब्द होता: पसाय. प्रसाद, प्राकृतात पसाय. प्रसन्न होणं, मर्जी आणि मिळालेलं दान, तिन्ही एका शब्दात. ‘खारिस’मध्येही हेच तिन्ही आहे. नैवेद्याच्या वासामुळे भाषांतरकारांनी ‘प्रसाद’ टाळला असावा, हा माझा तर्क. ‘पसायदान’ म्हणजे पसा, ओंजळ पसरून मागितलेलं दान, असं सांगणाऱ्यांना कोणीतरी आवरायला हवं. पसा ‘प्रसृति’पासून, पसाय ‘प्रसाद’पासून, दोघांचा संबंध नाही. या चुकीच्या व्युत्पत्तीने सगळं लक्ष देणाऱ्याच्या प्रसन्नतेवरून मागणाऱ्याच्या हातांकडे वळतं.

एक अडचण मात्र मी लपवत नाही. ज्ञानेश्वर ‘तोषोनि’ द्यावं म्हणतात, आणि देवाने तोषायचं ते ‘येणें वाग्यज्ञें’. म्हणजे आधी यज्ञ, मग पसाय. कृपा आधी आणि माणसाचं करणं नंतर असं मानणाऱ्या संत ऑगस्टिनची भुवई इथे वर गेली असती, आणि बीलने खुशीत मान डोलावली असती.