वाचक विचारतात: एक्स-रेची खोली की रेडिएशनचं मशीन?

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या डिग्रीबद्दल, म्हणजे असोसिएट डिग्रीबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रांत प्रश्न सारखेच आहेत, म्हणून त्यांतली चार निवडली आहेत. मी मूळची मिरजेची. न्यू जर्सीत आल्यावर चौतिसाव्या वर्षी रेडिओग्राफीच्या वर्गात बसले. चार वर्षं रात्रपाळीत एक्स-रे काढले, मग रेडिएशन थेरपीचं, म्हणजे कॅन्सरवरच्या किरणोपचाराचं, आणखी एक वर्ष केलं. आज कॅन्सरच्या विभागात लिनॅक या किरणं देणाऱ्या मशीनवर काम करते. दोन्ही खोल्यांत उभी राहिलेली आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

ताई, मी एडिसनला राहते. वय ३७. कोल्हापूरला केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं. इतकी वर्षं एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या आधारे मिळणाऱ्या व्हिसावर, घरी होते, आता कामाचा परवाना मिळालाय. मुलं शाळेत जातात. रेडिओग्राफी करू की रेडिएशन थेरपी? आणि दोन वर्षांत खरंच होतं का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दोन वर्षांत होत नाही, तीन धरा. प्रोग्राम दोन वर्षांचा असतो आणि त्यात उन्हाळ्याची सुट्टीही जाते. त्याच्या आधी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, कॉलेज अल्जिब्रा, इंग्रजी आणि मेडिकल टर्मिनॉलॉजी असे विषय करावे लागतात. कोल्हापूरची बी.एस्सी. वाया जात नाही, गुणपत्रिकेचं मूल्यांकन करून घेतलंत तर काही क्रेडिट सुटतात. अॅनाटॉमी मात्र बहुधा इथेच करावी लागेल, कारण बऱ्याच कॉलेजांना विज्ञानाचे विषय गेल्या काही वर्षांतले लागतात. त्यात वाईट वाटून घेऊ नका. प्रवेश याच विषयांच्या गुणांवर ठरतो. जागा थोड्या असतात, आमच्या वर्गात २४ होत्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे भरण्याआधी तो प्रोग्राम जेआरसीईआरटीने मान्य केलेला आहे का, ते बघा. शिकागोची ही संस्था रेडिओग्राफी आणि रेडिएशन थेरपीच्या शिक्षणाला मान्यता देते. हे मी इतकं बजावून सांगते, कारण माझी नऊ महिने आणि हजारो डॉलरची चूक इथेच झाली. एका खासगी संस्थेत ‘एक्स-रे टेक्निशियन’चा कोर्स केला. सर्टिफिकेट मिळालं, पण त्यावर एआरआरटीच्या परीक्षेला बसताच येत नव्हतं. प्रवेशाच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही, आणि कुणाला विचारायचं हे मला कळत नव्हतं. एआरआरटी ही मिनेसोटातली नोंदणी संस्था १९२२ पासून आहे. तिची परीक्षा पास झाल्याशिवाय चांगलं हॉस्पिटल तुम्हाला उभं करत नाही. १ जानेवारी २०१५ पासून त्या परीक्षेला बसायला किमान असोसिएट डिग्रीही लागते. मान्यता असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला आपले आकडे वेबसाइटवर लावावे लागतात: किती विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास झाले, किती जणांना वर्षाच्या आत नोकरी लागली, किती जणांनी शिक्षण पुरं केलं. हा शेवटचा आकडा नीट वाचा. अर्धा वर्ग गळत असेल, तर कॉलेजला फोन करून कारण विचारा.

तुमच्या घराजवळच मिडलसेक्स कॉलेजात रेडिओग्राफीची असोसिएट डिग्री आहे. रेडिएशन थेरपीची थेट असोसिएट डिग्री देणारी कॉलेजं मोजकी आहेत. लाँग आयलंडवरच्या नासाउ कम्युनिटी कॉलेजात आहे, पिट्सबर्गला अॅलेगेनी काउंटीच्या कॉलेजात आहे. बाकी ठिकाणी लोक माझ्यासारखं आधी रेडिओग्राफी आणि मग वर्षभराचं सर्टिफिकेट करतात, किंवा सरळ बॅचलर्स. फीमध्ये काउंटीचे रहिवासी आणि बाहेरचे असा मोठा फरक असतो. तुमच्या व्हिसावर कोणता दर लागतो, ते नोंदणी कार्यालयाकडून लेखी घ्या.

एक लहान गोष्ट, पण आपल्या लोकांना हमखास अडवते. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष काम, सुरू होण्याआधी क्षयाची तपासणी होते. आपल्या दंडावर लहानपणीच्या बीसीजीचा व्रण असतो, त्यामुळे कातडीवरची चाचणी फुगू शकते आणि मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र असं मागे लागतं. पहिल्याच दिवशी रक्ताची चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

आता कोणतं निवडायचं? पगार बघून ठरवू नका, असं मी म्हणणार नाही. संसार आहे, पगार बघावाच लागतो. सरकारी आकडेवारीत २०२३ मध्ये रेडिएशन थेरपिस्टचा मधला पगार वर्षाला ९८ हजार डॉलरच्या आसपास होता, तर रेडिओग्राफरचा ७३ हजारांच्या. पण रेडिओग्राफरच्या जागा देशभरात दोन लाखांहून जास्त आहेत आणि थेरपिस्टच्या वीस हजारांच्या आत. थेरपिस्टला जागा रिकामी होण्याची वाट बघावी लागते, कधी गावही बदलावं लागतं. रेडिओग्राफरला बहुतेक ठिकाणी काम मिळतं, आणि पुढे सीटी, एमआरआय, मॅमोग्राफीकडे जाता येतं.

पण काम म्हणून या दोन फार वेगळ्या जागा आहेत. रेडिओग्राफर दिवसभरात तीस-चाळीस माणसं बघतो आणि प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं. पहाटे पाचला पोर्टेबल मशीन ढकलत आयसीयूत जायचं, नळ्या लावलेल्या माणसाच्या पाठीखाली प्लेट सरकवायची. ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म, म्हणजे फिरतं एक्स-रे मशीन, धरून सर्जनच्या आवाजाकडे कान लावायचा. खुबा मोडलेल्या बाईला न हलवता आडवा फोटो घ्यायचा. त्या क्रॉस-टेबल लॅटरलची मला पहिलं वर्षभर धडकी भरायची. प्रत्येकाकडे आपल्या नावाच्या आद्याक्षरांचे डावी-उजवीचे शिशाचे मार्कर असतात. ते हरवले की जीव खालीवर होतो, कारण डावी-उजवीची चूक या कामात क्षम्य नाही. क्लिनिकलमध्ये पन्नासाच्या आसपास तपासण्या शिक्षकांसमोर एकट्याने करून दाखवाव्या लागतात. हात चपळ, पाठ मजबूत आणि अनोळखी माणसाला क्षणात धीर देता येत असेल, तर हे काम तुमचं आहे.

रेडिएशन थेरपीत तोच माणूस रोज येतो. सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, कधी सहा-सात. पहिल्या दिवशी सीटीवर त्याची पोझ ठरते. डोक्या-मानेचा कॅन्सर असेल तर गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून मास्क बनवतो, अंगावर सुईच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपके देतो. मग रोज लेझरच्या रेषा त्या ठिपक्यांवर जुळवायच्या, फोटो घेऊन मिलिमीटरमध्ये टेबल सरकवायचं. आम्ही दोघी असतो. नाव, जन्मतारीख, शरीराचा भाग, आजचा डोस एकीने वाचायचं, दुसरीने पडताळायचं. तिसाव्या दिवशीसुद्धा ते पहिल्या दिवसाइतक्याच सावधपणे करायचं. घाई करणाऱ्या माणसाला हे काम जमत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की अर्ज करण्याआधी दोन्ही विभागांत एकेक दिवस उभ्या राहा. बरेच प्रोग्राम तसं करायला सांगतातच. सांगत नसतील तर हॉस्पिटलच्या स्वयंसेवक विभागाला लिहा. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी तिसऱ्या महिन्यात सोडून गेली, कारण तिने रुग्णाला स्पर्श करून हलवण्याची कल्पनाच केली नव्हती. तिला ते आठ तास उभं राहून आधी कळलं असतं, तर तिचं वर्ष वाचलं असतं.

वयाचं म्हणाल तर माझ्या वर्गात एक आजोबा झालेले गृहस्थ होते. ट्रक चालवायचं सोडून आले होते आणि वर्गात सर्वांत चांगले फोटो तेच काढायचे.

माझ्या मुलाने नाशिकला मेडिकल इमेजिंगमध्ये बी.एस्सी. केलं आहे. एजंट म्हणतो, अमेरिकेत असोसिएट डिग्रीला पाठवा, दोन वर्षांत नोकरी पक्की. पाठवू का?

पाठवू नका. तुमच्यासारख्या घरांतून कर्ज काढून मुलं येतात, म्हणून स्पष्ट लिहिते. विद्यार्थी व्हिसावर ही डिग्री घेता येते, पण त्यानंतर साधारण एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा, आणि त्यासाठी त्या पदाला मुळात बॅचलर्स डिग्री लागते असं दाखवावं लागतं. ज्या पदाला असोसिएट डिग्री पुरते, त्यासाठी ते दाखवणं फार अवघड. शिवाय तुमचा मुलगा आधीच पदवीधर आहे, तो खालच्या पायरीवर येऊन पुन्हा तेच शिकणार. भारतातल्या डिग्रीवर थेट एआरआरटीच्या परीक्षेला बसता येत नाही, हे खरं आहे, पण त्यावर हा उपाय नाही.

त्याला बाहेरच जायचं असेल, तर ब्रिटनमध्ये एचसीपीसी ही संस्था परदेशी रेडिओग्राफरचं शिक्षण आणि अनुभव तपासून नोंदणी देते, तो रस्ता बघा. त्याआधी दोन-तीन वर्षं मोठ्या ठिकाणी काम करू दे. टाटा मेमोरियलसारख्या संस्थेत जेवढ्या प्रकारचे रुग्ण एका वर्षात दिसतात, तेवढे इथल्या आमच्या हॉस्पिटलात दहा वर्षांत दिसत नाहीत. एजंटला मात्र एकच प्रश्न विचारा: तुम्ही पाठवलेल्या किती मुलांच्या हातात आज एआरआरटीचं कार्ड आहे?

मला रेडिओग्राफीला प्रवेश मिळालाय, पण सासूबाई म्हणतात की किरणांच्या कामात पुढे मूल होणार नाही. त्यांना काय सांगू?

त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. मिरजेला माझे काका एक्स-रेच्या काळोख्या खोलीत फिल्म धुवायचे, तेव्हा शिशाचा एप्रन खुंटीला टांगलेलाच असायचा. त्या काळच्या आठवणीवरून हे बोललं जातं.

आज प्रत्येकाच्या कॉलरला किरणं मोजणारा बॅज असतो आणि त्याचा हिशेब ठराविक काळाने हातात मिळतो. काम करणाऱ्याची कायदेशीर मर्यादा वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप) आहे. एक्स-रेच्या खोलीत काम करताना माझा आकडा त्याच्या जवळपाससुद्धा कधी गेला नाही. गरोदर असाल तर ते लेखी कळवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. कळवलंत की कमरेला दुसरा बॅज मिळतो आणि बाळासाठी पूर्ण गरोदरपणाची मर्यादा ५ मिलिसिव्हर्ट होते. अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा पावपट होते, म्हणून फोटो घेताना दोन पावलं मागे सरकण्याची सवय लावून घ्या. माझा धाकटा मुलगा मी नोकरीत असताना झाला. सासूबाईंना घेऊन कॉलेजच्या माहितीच्या दिवशी जा, त्यांना स्वतः विचारू दे. माझ्या सासूबाईंनी तसंच विचारलं होतं, आणि प्रोग्रामच्या बाईंनी त्यांना बॅजचे कागद दाखवून अर्धा तास समजावलं.

रोज कॅन्सरची माणसं बघून मन थकत नाही का? मी हळवी आहे, मला जमेल का?

थकतं. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसल्यावर मी दहा मिनिटं गाडी सुरू करत नाही. लहान मुलं उपचाराला असली की सगळा विभागच हळू आवाजात बोलतो. पण हळवेपणामुळे अडलं असं मी पाहिलेलं नाही. अडतं ते रुग्णाकडे न बघता मशीनकडे बघणाऱ्यांचं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक आजी आल्या, मुलाकडे राहायला आलेल्या. डाव्या स्तनाचा कॅन्सर होता. अशा वेळी हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला जावं म्हणून रुग्णाने खोल श्वास भरून वीसेक सेकंद रोखायचा असतो आणि तेवढ्यातच मशीन चालवायचं असतं. सरावाच्या दिवशी फोनवरचा दुभाषी हिंदीत सांगत होता, आजी घाबरून अर्ध्यातच श्वास सोडत होत्या. पडद्यावरची श्वासाची रेघ काही केल्या वर जाईना. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी इंटरकॉमवर बोलले, “आजी, विहिरीत बुडी मारायच्या आधी घेतो ना, तसा श्वास घ्या. आता धरून ठेवा. सोडू नका हं, मी मोजते.” रेघ वर गेली आणि तिथेच थांबली. आजींनी त्यानंतर पंधराही दिवस तस्साच श्वास धरला. शेवटच्या दिवशी त्यांनी सांगितलं की लहानपणी त्या कृष्णेत पोहायच्या, आणि मला आईचं माहेर कोणतं ते विचारलं.

तुम्ही हळव्या आहात म्हणता. एकदा येऊन बघा, पाहणीच्या दिवशी मशीनपेक्षा बाहेर कन्सोलवर बसून ते चालवणाऱ्या माणसांचं वागणं बघा. रुग्ण आत एकटा असतो तेव्हा ते त्याच्याशी कसं बोलतात ते ऐका. त्या खोलीत थांबावंसं वाटलं, तर अर्ज करा. फॉर्मची मुदत बहुतेक कॉलेजांत हिवाळ्याच्या अखेरीस संपते, तेव्हा अॅनाटॉमीचा पहिला भाग या सेमिस्टरलाच घ्या.