ऑफ-रोड एसयूव्हीला दोन इंचांची बॉडी लिफ्ट घरच्या घरी बसवता येईल का? ग्राउंड क्लिअरन्स किती वाढेल आणि पुण्यात खर्च किती येतो?

येते. मी बसवली आहे. २०१६ च्या डिसेंबरात, माझ्या जिप्सी किंगला, नसरापूरजवळ दाजींच्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये. तेव्हापासून आमच्याकडे एक बारसं नाही, एक वास्तुशांत नाही, जिथे दाजींनी पंगतीत "आमच्या मेव्हण्यानं गाडीला उंच टाचा लावल्या होत्या" हा किस्सा सांगितला नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी तुमचा गैरसमज. बॉडी लिफ्टने ग्राउंड क्लिअरन्स एक मिलिमीटरही वाढत नाही. ठोकळे बसतात चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडीच्या मध्ये. एक्सल, त्याच्यावरचा डिफरन्शियलचा गोळा (दगडाला आधी लागतो तो), ट्रान्सफर केस सगळं जिथल्या तिथे. वर जातो तो पत्रा, आणि त्यात बसलेले तुम्ही. फायदा एवढाच की चाकाच्या वर जागा होते आणि मोठा टायर घासत नाही. दगड चुकवायला जी उंची मिळते ती टायरची. जिप्सीचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५, व्यास ६६८ मिमी. मी घातला २३५/७५ आर १५, व्यास ७३३ च्या थोडा वर. फरकाच्या निम्मं म्हणजे साधारण ३३ मिमी गोळा वर गेला. बॉडी ५० मिमी वर, कामाची उंची ३३. वर स्पीडोमीटर दहा टक्के कमी दाखवणार (काटा ६० वर, गाडी ६६ ला) आणि कात्रजच्या चढाला एक गिअर खाली टाकावा लागणार. हे पटत असेल तर पुढे वाचा.

दाजींना हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. त्यांचे चार ट्रक आहेत, निम्मं आयुष्य पाट्यांखाली, म्हणजे लीफ स्प्रिंगांखाली, गेलंय. त्यांचं म्हणणं, "शॅकल लांब कर, अर्ध्या तासाचं काम. नाहीतर एकेक पाटा वाढव." शॅकल म्हणजे पाटा चॅसीला जोडणारी कडी. ट्रकवाल्या माणसाला हेच सुचणार. पण ट्रकवर दहा टन माल असतो. माझी गाडीच जेमतेम टनभराची. तिला पाटे वाढवले तर ती बैलगाडीसारखी आपटणार आणि ओबडधोबड वाटेवर चाक खाली लोंबायचं तेवढं लोंबणार नाही. लांब शॅकलने पुढचा एक्सल फिरतो, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ धरून ठेवणारा कोन) बिघडतो, आणि हायवेला ऐंशीवर स्टिअरिंग सोडलं की गाडी कुंपणाकडे बघायला लागते. सस्पेन्शन लिफ्ट नीट करायची तर नवे पाटे, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर, लांब ब्रेक होज असं सगळंच करावं लागतं, आणि ते माझ्या खिशाला झेपणारं नव्हतं. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं होतं. आज लेखी देतोय.

तर काम. ठोकळे मी भोसरीत एका लेथवाल्याकडून नायलॉनच्या रॉडचे कापून घेतले, मधून भोक पाडून, बोल्टापेक्षा जेमतेम सैल. लाकडाचे लावू नका, पावसात फुगतात. एकावर एक वायसर रचून उंची काढणारे महाभागही मी पाहिलेत. बोल्ट बोहरी आळीतून. तिथला काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "आठ पॉइंट आठ की दहा पॉइंट नऊ?" उत्तर आलं नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. ही बोल्टाच्या मजबुतीची प्रत. निदान ८.८ घ्या, आणि मूळ बोल्टापेक्षा ठोकळ्याच्या उंचीइतका लांब. मूळ रबर बुश फेकू नका, ते राहतातच. फाटलेले असतील तर मात्र आत्ताच बदला, पुन्हा कोण बॉडी उचलणार आहे.

सकाळी आठला सुरू केलं. एका बाजूचे सगळे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले करून ठेवायचे, आणि जॅकवर आडवी जाड फळी ठेवून बॉडी उचलायची. फळी नसेल तर जॅक पत्र्यातून वर येतो. आणि हात मध्ये घालायचा नाही, ठोकळा काठीने सरकवायचा. दहा वर्षांच्या पुण्यातल्या गाडीचे बोल्ट सुटतात थोडेच. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी मागचा एक बोल्ट नुसता गोल गोल फिरत राहिला. वरचा नट बॉडीच्या पत्र्यात वेल्ड केलेला असतो, तो निखळला होता. शेवटी आतलं मॅटिंग उचलून पत्र्याला खिडकी कापली आणि वरून पाना लावला. त्या एका बोल्टाने अडीच तास खाल्ले. दाजी बाजेवर बसून चहा पीत बघत होते.

ठोकळे बसवणं हे खरं काम नव्हेच. बॉडी आणि चॅसीला जोडणारी प्रत्येक गोष्ट दोन इंच ताणली जाते, ती शोधणं हे काम. स्टिअरिंगचा शाफ्ट वरून खाली येतो, तो पुरतो का, जोडाची पकड पुरेशी आत राहते का हे आधी बघायचं. आटे टोकावर राहिले तर लांब शाफ्ट करून घ्या, तिथे "चालतंय" नको. ब्रेकचे पाइप, क्लचची केबल, हँडब्रेकची केबल, अर्थची पट्टी. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा होज. माझा आखूड पडला, नवा टाकला. गिअरचा दांडा बूट (दांड्याभोवतीचं रबरी आवरण) घट्ट होऊन तिसऱ्यातून बाहेर उडी मारायला लागतो, बुटाचं माउंटिंग सरकवावं लागतं. बंपर चॅसीला असतो, तो खालीच राहतो आणि मध्ये फट दिसते. ती दिसू द्या.

आणि राहिलं काय, तर फॅनचं कव्हर. रेडिएटर आणि त्याचं कव्हर बॉडीला, इंजिन आणि फॅन चॅसीला. म्हणजे कव्हर दोन इंच वर गेलं, फॅन तिथेच. खालच्या कडेला पातं जवळजवळ टेकतं. कव्हर काढून, नवी भोकं पाडून ते खाली बसवायचं, एवढंच. पण तोवर संध्याकाळ झाली होती, शेडात एक बल्ब, आणि ड्रिल ज्या एक्स्टेंशनवर चालायचं त्यावर दाजींनी पाण्याची मोटर लावलेली. मी बोट घालून बघितलं, अर्धा इंच जागा होती. त्या वेळी दाजी बाजेवरून उठून आले, बॅटरी मारली आणि म्हणाले, "राहू दे की, अर्धा इंच बास झाला. जेवायला चला." हे वाक्य त्यांनी म्हटलं. आज ते साफ नाकारतात. ताई तिथेच उभी होती, पण तिला विचारलं की "मला तुमच्यात घेऊ नका" म्हणते, आणि यातच काय ते आलं.

पुढच्या महिन्यात मढे घाटाला निघालो. दाजी, ताई, भाची, आम्ही तिघं. खानापूरवरून पाबे घाट चढत होतो, पहिल्या गिअरमध्ये, सगळं ओझं घेऊन. इंजिनाचे रबर माउंटिंग जुने होते. जोर पडला की इंजिन एका अंगाला मुरडतं, आणि तो अर्धा इंच तिथेच संपला. खर्र असा आवाज आला, मग फटाके फुटल्यासारखे प्लॅस्टिकचे तुकडे, मग वाफ. पात्याचा तुकडा रेडिएटरमध्ये. सगळे खाली उतरले, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घाटातच कठड्यावर बसून खाल्ली, आणि गाडी दाजींच्याच टेम्पोला बांधून परत आली. वाटभर त्यांनी मागे वळून एकच विचारलं, "टाचा मोडल्या का रं?"

आता तुम्ही सांगा, यात लिफ्टचा दोष कुठे? एकही ठोकळा हलला नव्हता. एकही बोल्ट ढिला नव्हता. स्टिअरिंग काटेकोर. दोष त्या दोन न पाडलेल्या भोकांचा, आणि थोडा माझा, कारण पाना माझ्या हातात होता. पण लांब शॅकलवाल्या माणसाला हे ऐकायचं नसतं. नंतर कव्हर खाली घेतलं, माउंटिंग बदलले, आणि त्याच गाडीने ताम्हिणी, वरंधा, पानशेतच्या मागचे सगळे कच्चे रस्ते साडेतीन-चार वर्षं केले. त्यावर पंगतीत कोणी बोलत नाही.

खर्चाचं विचारलंत. मला २०१६ साली साडेसहा हजार पडले, टायर सोडून, आणि त्यात पाबे घाटातून ओढून आणलेल्या टेम्पोचं डिझेल धरलेलं आहे, कारण दाजींनी ते मागितलं होतं. गॅरेजमध्ये टाकणार असाल तर एकच खूण सांगतो. "दोन तासांत देतो" म्हणणाऱ्याकडून चावी परत घ्या. मला एकाने असंच सांगितलं होतं. स्टिअरिंगचं काय विचारल्यावर "ते आपोआप बसतं" म्हणाला.

हे सगळं आधी सांगायला हवं होतं, पण तुमची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. थार, गुरखा, स्कॉर्पिओ, बोलेरो, जिम्नी असेल तर खाली वेगळी चॅसी आहे. डस्टरसारखी अखंड बांधणीची असेल तर बॉडी लिफ्ट हा प्रकारच नाही, सोडून द्या. दोन इंचांच्या वर जाऊ नका; वजन वर जातं आणि बाजूच्या उतारावर ते पोटात जाणवतं.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमावाले आधी खाली वाकून ठोकळेच मोजणार. माझी गाडी २००६ ची, २०२१ मध्ये पंधरा वर्षं भरली. पुनर्नोंदणीच्या आधी एका रविवारी ठोकळे काढले, मूळ बोल्ट आणि मूळ टायर चढवले, आणि पुन्हा लावले नाहीत.

काढायला दाजी आले होते. जाताना त्यांनी चार ठोकळे मागून नेले. त्यांच्या स्वयंपाकघरातलं कपाट ओल येते म्हणून आता त्यावर उभं आहे, दोन इंच वर. गेल्या दिवाळीत मी जाऊन हलवून बघितलं.