उबंटूवर पॅकेज काढलं तरी जागा का सुटत नाही? आणि 'केप्ट बॅक' म्हणजे काय?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा पीसी, त्यावर उबंटू (लिनक्सची एक प्रणाली) आणि पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, काढूनही डिस्क भरलेली, असं तुम्ही लिहिलंय. आधी अपडेट करताना काही पॅकेजेसबद्दल दिसणाऱ्या 'केप्ट बॅक' (मागे ठेवलं) या संदेशाचं बघू. तो बिघाड नाही. उबंटू बरेच अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं. तुमच्या मशीनची पाळी आली की बसतात. दुसरं कारण, नव्या आवृत्तीसाठी एखादं जुनं पॅकेज काढावं लागणार असतं. ॲप्ट म्हणजे टर्मिनलमधून पॅकेजेस बसवायचं-काढायचं साधन; त्याची 'ॲप्ट अपग्रेड' ही आज्ञा काहीच काढत नाही, म्हणून ते पॅकेज तसंच राहतं. 'फुल-अपग्रेड' काढतं, तेव्हा यादी वाचल्याशिवाय होकाराचं वाय (Y) दाबू नका. सौदे चालू असताना तर नकोच.

आता जागा. 'रिमूव्ह' प्रोग्रॅम काढतं, पण इटीसी (/etc) फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइल्स ठेवतं. 'पर्ज' त्याही उडवतं. त्यांचं वजन ते किती, सहसा काही केबी! खरी जागा अडते ती प्रोग्रॅमसोबत आलेल्या, आता कुणालाच नको असलेल्या पॅकेजेसनी आणि जुन्या कर्नलनी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी. 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' चालवा. पॅकेज बसवताना उतरवलेल्या डेब (.deb) फाइल्ससाठी 'सुडो ॲप्ट क्लीन'. होम फोल्डरमधल्या हिशेबाच्या फाइल्सना यातलं काहीच हात लावत नाही.

ऑटोरिमूव्हच्या यादीत पावतीच्या प्रिंटरचं काही दिसलं, तर आधी 'सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल'पुढे त्या पॅकेजचं नाव देऊन ते वाचवा.

फायरफॉक्स मात्र उबंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून ॲप्टऐवजी स्नॅप या वेगळ्या पॅकेज-व्यवस्थेतून येतो. तो काढायचा तर 'स्नॅप रिमूव्ह'.